राजगीर: टांगा ठरवताना बाणगंगेचं नाव आधी घ्या

बिहारमधल्या राजगीरला ‘सगळे पॉइंट’ म्हणून ठरवलेला टांगा मगधाची राजधानी दाखवत नाही. गरम पाण्याची कुंडं, वेणुवन, सोनभांडार लेणी, रोपवेचा पायथा, आणि परत. मगधाचा राजा बिंबिसार याच्या गिरिव्रजाचा, म्हणजे जुन्या राजगीरचा, कोट दक्षिणेला गया रस्त्यावर बाणगंगेच्या खिंडीत आहे. तिकडं वळायचं म्हटलं की भाडं नव्याने सुरू होतं. आमची फसगत इथेच झाली. बसण्याआधी वदवून घ्या: भाडं माणशी की अख्ख्या टांग्याचं, थांबण्याचे पैसे त्यात धरलेत का, आणि बिंबिसाराचा तुरुंग, रथाच्या चाकोऱ्या, बाणगंगा ही तिन्ही नावं. तिन्ही त्याच रस्त्यावर आहेत.

बाणगंगेला किमान तासभर द्या. सोनागिरी आणि उदयगिरीच्या मधल्या या खिंडीत तट अजून अकरा-बारा फूट उभा आहे, जाडी सतरा फुटांच्या आसपास. चुना नाही. तीन ते पाच फुटी ओबडधोबड शिळा रचल्या आहेत, फटींत चिपा ठासल्या आहेत. डोंगरांच्या माथ्यांवरून हा तट सुमारे 40 किमी फिरतो. आपल्याकडचे चिरेबंदी बुरूज पाहिलेल्या माणसानेही इथे उभं राहून बघावं, कारण हे काम त्यांच्या दोन हजार वर्षं आधीचं आहे. वर मात्र चढू नका: दगड नुसते एकमेकांवर टेकलेत, एक चीप निसटली की वरची शिळा हलते. चाकोऱ्यांपाशी खडकावर शंखलिपीतली (शंखासारख्या वळणांची जुनी लिपी) अक्षरं आहेत, अजून कुणाला न वाचता आलेली. सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. भर दुपारी गेलात तर नुसता खडक.

सप्तपर्णी गुहेच्या पायऱ्या ब्रह्मकुंडाच्या मागून वैभारगिरीवर चढतात. जैन मंदिरांपर्यंत सोपं आहे. तिथून उत्तरेकडे उतरणारी वाट हाच खरा त्रास: घसरडा दगड, एका अंगाला उतार, खुणा तुटपुंज्या. पावसाळ्यात जाऊच नका. पाणी खालूनच घ्या आणि खाऊ हातात धरू नका, माकडं हिसकावतात. पहिल्या बौद्ध संगीतीची (भिक्षूंच्या धर्मसभेची) जागा म्हणून भव्य दालन मनात धरलं असेल तर निराशा होईल. गुहा उथळ आहेत, सभा बाहेरच्या कट्ट्यावर भरली असावी. तरीही जाच.

रोपवे रत्नागिरी डोंगरावरच्या शांतिस्तूपाला पोचवतो, बुद्धाने उपदेश केला त्या गृध्रकूट टेकडीला नाही. वर रोपवेने जा, उतरताना चालत गृध्रकूट करा.

नालंदा 12 किमी, काही अडचण नाही.

पाटण्यात कुम्हरारला, म्हणजे जुन्या पाटलिपुत्राच्या अवशेषांना, अर्धा तास पुरे. मगधाचा राजा उदायी याने राजधानी राजगीरहून पाटलिपुत्राला नेली खरी, पण तिथला 80 खांबांचा मौर्य मंडप पाणी साचतं म्हणून पुन्हा मातीखाली गाडून ठेवला होता.

अधिक महिन्यात राजगीरला मलमास मेळा भरतो. कुंडावर पाय ठेवायला जागा नसते, खोल्या मिळत नाहीत. तो महिना टाळा.