बाल्टिकच्या गाळातला परका पाहुणा

हेलसिंकीहून हांकोला जायचं तर कार्या स्टेशनवर गाडी बदलावी लागते. पुढची छोटी गाडी पाइनच्या रानातून रमतगमत जाते. बाल्टिक समुद्रावरचं फिनलंडचं हे दक्षिण टोक. इथंच, त्वेर्मिन्नेला, हेलसिंकी विद्यापीठाचं १९०२ साली सुरू झालेलं सागरी संशोधन केंद्र आहे. ओळखीच्या एका संशोधक बाईंनी “चिखलात हात घालणार असाल तर या” म्हटलं होतं. आपली काय ना असणार!

धक्क्यावर उभं राहिलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. समुद्राचा तो ओळखीचा खारट वास नाही आणि भरती-ओहोटीही जवळजवळ नाहीच. पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला, तर मचूळ. अरबी समुद्रात हजारी पस्तीसच्या आसपास मीठ असतं, इथं जेमतेम सहा. त्यामुळे तळाशी राहणाऱ्या जिवांच्या जातीही मोजक्याच: एक छोटी शिंपली, झिंग्याच्या नात्यातला बोटाच्या पेराएवढाही नसलेला एक जीव आणि असेच आणखी काही. हे सगळे गाळाचे वरचे काही सेंटिमीटर उकरतात, फार खोल जात नाहीत.

आमची बोट तीसेक मीटर खोल पाण्यात थांबली. विंचवरून पारदर्शक नळ्यांचं यंत्र खाली गेलं आणि गाळ भरून वर आलं. बाईंनी एक नळी उजेडात धरली. वर गंजाच्या रंगाचा पातळ थर, त्याखाली काळाकुट्ट चिखल, आणि बूच काढताच सडक्या अंड्यांचा भपकारा. पण त्या काळ्यातून तांबूस कडेच्या बारीक उभ्या रेघा पार खालपर्यंत गेल्या होत्या. “ही त्याची बिळं,” बाई म्हणाल्या.

तो म्हणजे मॅरेंझेलेरिया. गांडुळाच्या दूरच्या नात्यातला, अंगाला राठ केस असलेला, दोऱ्यासारखा बारीक किडा. मूळचा अटलांटिकपलीकडचा. बहुधा जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला भरून घेतलेल्या पाण्यातून, आला आणि १९८५मध्ये बाल्टिकच्या जर्मन किनाऱ्यावर सापडला. पाच-सहा वर्षांत फिनलंडपर्यंत पोचलाही. पुढे लक्षात आलं की हा एकटा नाही. दिसायला सारख्या अशा तीन जाती आहेत, त्यातली एक आर्क्टिककडची. गाळात तीस सेंटिमीटरच्याही खाली जाणारे असे खोदकामगार इथं आधी नव्हतेच.

या खोदण्यानं काय होतं, ते त्या तांबूस कडा सांगतात. बाल्टिकचं दुखणं जुनं आहे. शेतीतून आणि शहरांतून आलेल्या फॉस्फरस-नायट्रोजनवर शेवाळ माजतं, मरून तळाशी जातं आणि कुजताना प्राणवायू संपवतं. प्राणवायू असेपर्यंत गाळातलं गंजलेलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. तो संपला की पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. मग उन्हाळ्यात हवेतला नायट्रोजन वापरू शकणारे निळसर-हिरवे सूक्ष्मजीव, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, फोफावतात, तेही मरून तळाला जातात आणि चक्र पुढे चालू. किड्यानं बीळ पाडलं की काळ्या चिखलात प्राणवायू शिरतो, बिळाभोवतीचं लोह गंजतं आणि फॉस्फरस पुन्हा अडकतो.

मग हा देवदूतच म्हणायचा? बाईंनी तोंड वाकडं केलं. बीळ नवं असताना खोलवर साठलेला फॉस्फेट आणि अमोनियम तो वर ढकलतो, म्हणजे सुरुवातीला पाण्यात भर पडते. लोहाची पकड बसायला वेळ लागतो. जोआना नॉर्को आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये गणिती प्रारूपावरून मांडलं, की किड्यांची दाट वस्ती काही वर्षांत गाळाची फॉस्फरस धरून ठेवण्याची ताकद वाढवू शकते. म्हणजे प्रयोगशाळेत काही दिवस पाहिलं तर हा गुन्हेगार आणि वर्षांचा हिशेब मांडला तर मदतनीस. मला तरी दोन्ही निकाल खरे वाटतात. शिवाय गाळात गाडली गेलेली जुनी विषारी रसायनंही तो उपसून वर आणतो, हे दुसऱ्या बाजूला लिहून ठेवायला हवंच.

आणखी एक गंमत. चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातात उडालेलं किरणोत्सारी सीझियम बाल्टिकच्या गाळात बसलं. त्या थरावरून वरच्या-खालच्या थरांचं वय काढतात. नेमक्या त्याच सुमारास आलेले हे पाहुणे आता ते थर खालीवर करताहेत. गाळ वाचणाऱ्यांची पंचाईत!

दुपारी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर गाळ धुतला. बाईंनी चिमट्यानं एक किडा पाण्याच्या बशीत सोडला. डोक्याकडे लालसर कल्ले होते, आणि तो वळवळत बशीच्या कडेला बीळ शोधायला लागला. स्वीडनच्या गॉटलंड बेटाजवळच्या खोल भागात हे कधी पोचतील, असं विचारलं. “तिथं तळाशी प्राणवायूच नाही, मग किडा जगणार कशावर?” असं म्हणून बाईंनी पुढची नळी उचलली.