रशियाचं पेमेंट रुपयांत कसं आलं

जानेवारी २०२२मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतून आमचा टेरी टॉवेलचा कंटेनर मॉस्कोच्या पार्टीला गेला. तो पोचेपर्यंत युद्ध पेटलं होतं. बिल डॉलरमध्ये. पार्टी पैसे द्यायला तयार, पण येणार कसे?

'रशियाला स्विफ्टमधून काढलं' एवढंच टीव्हीवर ऐकलेलं. स्विफ्ट म्हणजे देशोदेशीच्या बँकांनी एकमेकींना पैसे पाठवण्याचे मेसेज धाडायची यंत्रणा. सीएंनी काढलेल्या बँकांची यादीच समोर ठेवली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि युरोपवाल्यांनी काही रशियन बँका स्विफ्टमधून काढायचं मिळून निवेदन काढलं होतं. स्विफ्टचं मुख्यालय बेल्जियममध्ये, म्हणून निर्णय युरोपीय संघाचा. आणि २ मार्चला त्यांनी बँका काढल्या सातच. आमच्या पार्टीचं खातं स्बेरबँकेत, ती यादीत नव्हती. युरोपला रशियाचा गॅस लागत होता, त्याचे पैसे भरायला एखादं दार उघडं हवंच ना!

धंदा बघणारे आमचे अण्णा खूश झाले. बँकेतले साहेब म्हणाले, "अहो अण्णा, मेसेज येईल, डॉलर कुठून येणार? ते न्यूयॉर्कवरून फिरून येतात." अमेरिकेने स्बेरबँकेची डॉलरची वाट फेब्रुवारीतच बंद करायचा हुकूम काढला होता. म्हणजे दोस्त एक, याद्या वेगळ्या. आम्ही युरोत मागून पाहिलं. फाइल बँकेच्या मुंबईतल्या कम्प्लायन्सकडे, म्हणजे नियम तपासणाऱ्या विभागाकडे जाऊन बसली.

तेवढ्यात जूनमध्ये युरोपच्या निर्बंधांचं सहावं पॅकेज आलं आणि स्बेरबँकही स्विफ्टबाहेर गेली. तेही रखडून आलेलं, कारण तिथे सत्तावीसही देशांचा होकार लागतो. हंगेरीने अडवून रशियन तेलावरच्या बंदीतून पाइपलाइनच्या तेलाला सूट मिळवली, वर रशियन चर्चचे प्रमुख किरिल यांचं नावही यादीतून काढायला लावलं. आमच्या सूतगिरणीच्या संचालक मंडळात याहून वेगळं काय चालतं?

वाट निघाली ती आपल्याच रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलैच्या परिपत्रकातून. रशियन बँकेने भारतातल्या बँकेत खास रुपया व्होस्ट्रो खातं, म्हणजे परदेशी बँकेचं रुपयांतलं खातं उघडायचं आणि निर्यातदाराला त्यातून रुपयांत पैसे मिळायचे. पण खाती उघडायला दिवाळी उलटली. निर्यातीचे पैसे तेव्हा नऊ महिन्यांत आणावे लागत, म्हणून मधल्या काळात मुदतवाढीचा अर्ज, रुपयांतलं सुधारित इन्व्हॉइस, पार्टीचं संमतिपत्र, बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीच्या माल-पावतीची) प्रत असं सगळं पुन्हा जोडलं. डॉलरचा दर कोणत्या तारखेचा धरायचा यावरून पार्टीशी चांगलीच घासाघीस झाली.

पैसे जमा झाले, निर्यातीचे पैसे आल्याचा बँकेचा दाखला, म्हणजे बीआरसी निघाली. आता रशियाची चौकशी आली की अण्णा भावाआधी विचारतात, "बँक कोणती?" मग मी अमेरिकेची आणि युरोपची, दोन्ही याद्या उघडून बसतो.