ठाणे ते हनोई: घोळ होतो तो सहारच्या काउंटरवर

व्हिएतनामची आठ दिवसांची सहल: हनोईत तीन रात्री, हा लाँग उपसागरातल्या बोटीवर एक, दा नांग-होई आनला तीन. जाता-येता मुंबई-हनोई थेट विमान, पाच-साडेपाच तासांचं. तिकडे पोहोचल्यावर फारसं काही अडत नाही. ज्यांचं बिनसतं त्यांचं बहुतेकदा सहारलाच, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, चेक-इनच्या काउंटरवर बिनसतं, आणि कारण असतं घरी सोफ्यावर बसून भरलेल्या रकान्यातलं एखादं अक्षर. म्हणून या वृत्तांतात ठाणं जास्त आहे आणि हा लाँग कमी.

सुरुवात पासपोर्टपासून. उतरण्याच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. मुदत संपायला वर्ष उरलं की नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ठाणेकरांचं केंद्र वागळे इस्टेटला. ३६ पानी पासपोर्टचे १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. नवा पासपोर्ट हातात पडेपर्यंत व्हिसाचा अर्ज भरू नका. नव्या पासपोर्टचा नंबर नवा असतो आणि ई-व्हिसा त्या नंबरालाच चिकटलेला असतो.

आता व्हिसा. एकदाच प्रवेश असेल तर २५ डॉलर, अनेकदा असेल तर ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. मधे कंबोडियात अंगकोर वाट बघून परत व्हिएतनाममध्ये शिरायचं असेल, तर ५० वालाच घ्यावा लागतो. संकेतस्थळ सरकारी, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असलेलं. गूगलवर त्याच्या वर झळकणाऱ्या दिसायला तशाच साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. कागदोपत्री तीन कामाचे दिवस लागतात, तरी तीन आठवडे हाताशी ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडचं नववर्ष, तेत, आलं की कचेऱ्या बंद असतात. चूक झाली तर फी परत मिळत नाही, बहुधा नवा अर्जच भरावा लागतो.

चूक कुठे होते? नावात. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालायची पद्धत, आणि पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात जोडून येतं. पासपोर्टवर आडनाव ‘पाटील’ आणि नाव ‘सुनीता रमेश’ असेल, तर अर्जातही ‘सुनीता रमेश’च हवं. नुसतं ‘सुनीता’ लिहिलं की काउंटरवर वाद सुरू. फोटोच्या पानावर तळाशी टोकदार खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. त्यातली वरची ओळ प्रमाण मानून एकेक अक्षर ताडून बघा. विमान कंपनीच्या तिकिटावर दोन्ही नावं चिकटून ‘सुनीतारमेश’ अशी आली तर घाबरू नका, त्यांची यंत्रणा मधली जागाच गिळते. लग्नानंतर आधारवर नाव बदललंय आणि पासपोर्ट जुन्या नावाचा, अशा वेळी तिकीट, व्हिसा, विमा सगळं पासपोर्टच्याच नावाने. नंबरात शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची अदलाबदल ही दुसरी नेहमीची भानगड. फोटोवरून फॉर्म आपोआप भरला जातो तेव्हा ती हमखास होते. तिसरी चूक प्रवेशाच्या ठिकाणाची: हनोईचा विमानतळ नोई बाई, हो ची मिन्ह सिटीचा तान सोन न्यात. तिकिटात असेल तोच निवडा. व्हिसाच्या दोन प्रिंट काढा, मोबाइलवरच्या पीडीएफवर विसंबू नका.

तिकिटाच्या दोन गोष्टी. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, त्यामुळे ‘मुंबई’ एवढंच वाचून निघू नका. तिकिटावरच्या खुणेत बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे उलवे, नवी मुंबईचा. ऐरोली-वाशीकरांची तर दिशाच उलटी होते. दुसरं, रात्री १२ नंतरची विमानं. १५ तारखेला पहाटे १ वाजताचं विमान म्हणजे घर सोडायचं १४ च्या संध्याकाळी. हे सांगायला नको खरं, पण दर मोसमात कुणीतरी १५ च्या संध्याकाळी बॅग भरत बसलेलं असतंच.

बॅगेत काय नको, तर सुकं खोबरं. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून ज्वालाग्राही मालात मोडतं आणि वाट्या बाहेर काढायला लावतात. लोणचं आणि तूप केबिनमध्ये न्यायचं नाही, मोठ्या बॅगेत दुहेरी पिशवीत. थेट विमान न मिळता दुबई किंवा सिंगापूरवरून जात असाल तर खसखस घरी ठेवा. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. अनारसे आणि करंजीचं सारण आठवून बघा! मेतकूट, थेपले, सुकी शेंगदाण्याची चटणी निर्धास्त न्या. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच, १०० वॅट-अवरच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ ची असते. तिच्यावरचा छापा पुसट झाला असेल तर ठेवून घेतात. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

पैसे डॉलरमध्ये न्या, तिकडे त्यांचे डोंग, म्हणजे तिथलं चलन, करून घ्या. रोख डॉलर एका प्रवासाला ३,००० पर्यंत मिळतात. ५०,००० रुपयांवरची खरेदी असेल तर पैसे रोख नाही, बँकेमार्फतच द्यावे लागतात. १०० च्या कोऱ्या नोटा मागा. शाई लागलेली, दुमडलेली नोट हनोईत नाकारतात. कार्डावर ‘इंटरनॅशनल’ हे बटण बँकेच्या ॲपमध्ये स्वतः सुरू करावं लागतं. तिकडे मशीनने रुपयांत की डोंगमध्ये असं विचारलं तर डोंग म्हणा, रुपयांत दर वाईट पडतो. भारतीय सिमवर निघण्याआधी रोमिंग चालू करून ठेवा, नाहीतर ओटीपी येत नाही आणि कार्ड असून नसल्यासारखं.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून होई आनला स्कूटर चालवायचा बेत असेल तर थांबा. आपला परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मिळतो, व्हिएतनाम १९६८ चा मानतं. भाड्याने देणारा काही विचारत नाही, पण अपघात झाला की प्रवासविमा हात वर करतो.

विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्ग आणि जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने) संध्याकाळी दीड-दोन तास धरा. घोडबंदरवाल्यांनी माजिवड्यापर्यंतचा वेळ वेगळा मिळवावा. हलकं सामान आणि दिवसाचं विमान असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, मग मेट्रो ३ चं पुढचंच स्टेशन टी २, म्हणजे सहारचं टर्मिनल. रात्रीच्या विमानाला टॅक्सीच.

हनोईत घड्याळ दीड तास पुढे. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं. हा लाँग हनोईहून अडीच तासांवर. दा नांगहून बा ना हिल्सचा केबल-वे सकाळी आठलाच गाठा, दहानंतर सोनेरी पुलावर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र दा नांग-होई आनचा हा मधला भाग टाळावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला मुसळधार पावसाचा काळ, होई आनच्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. तेव्हा त्या तीन रात्री हनोईच्या दक्षिणेच्या निन्ह बिन्हला द्या. शाकाहारींनी ‘चाय’ (तिकडे याचा अर्थ शाकाहारी) हा शब्द पाठ करावा. तो पाटीवर असेल तिथे माशाचा सॉस नसतो, बाकी ठिकाणी नुसत्या भाजीतही असतो. त्यांच्या चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, अशी जेवणं जास्त मिळतात.

आणि २०,००० डोंगची नोट पाकिटाच्या एका कप्प्यात, ५ लाखांची दुसऱ्यात ठेवा. दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या, अंधाऱ्या टॅक्सीत हाताला सारख्याच लागतात.