जीवराज मेहता हे वाया गेलेले डॉक्टर होते का?

‘जीवराज मेहतांसारखा हाडाचा डॉक्टर राजकारणात गेला, म्हणजे एक चांगला डॉक्टर वायाच गेला, नाही का?’ गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या या डॉक्टरांविषयी बोलायला लागले की कुणी ना कुणी हे विचारतंच. ते ज्याचे पहिले डीन होते, त्या परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात मी शिकले, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेहता मूळचे अमरेलीचे, जन्म १८८७चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते पुढे लंडनला गेले. तिथेच १९१४ साली त्यांच्या हाती एक महाकठीण रुग्ण आला. गांधीजींना प्लुरसी, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाला सूज, झाली होती. दूध आणि धान्य घ्याच, असा डॉक्टरांचा आग्रह. रुग्ण मात्र शेंगदाणे, केळी, टोमॅटो आणि द्राक्षांवर अडून बसलेला. प्रकरण गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या कानावर गेलं. डॉक्टर सांगतील ते खा, असं त्यांनीही बजावलं. गांधीजींनी विचार करायला चोवीस तास मागितले आणि दुसऱ्या दिवशी नम्रपणे नकार दिला. भारतात परतताना मेहतांनी त्यांच्या फासळ्यांना प्लास्टर बांधून दिलं आणि तांबडा समुद्र येईपर्यंत काढू नका म्हणून सांगितलं. गांधीजींनी ते दोन दिवसांत सोडलं! आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. मेहता मात्र पुढेही त्यांचे डॉक्टर राहिले. ज्याच्यावर सक्ती करता येत नाही, अशा माणसाशी वाद घालायचा, पण नातं तोडायचं नाही, हे त्यांना सत्ताविसाव्या वर्षीच जमलं होतं. मुत्सद्देगिरी याहून वेगळी काय असते?

पण माझं खरं उत्तर परळचं केईएम रुग्णालय आणि त्याच्या शेजारचं जी. एस. कॉलेज हे आहे. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना मिळत, आणि त्यात बहुतेक गोरेच. भारतीय डॉक्टर कितीही शिकला तरी प्राध्यापकाची खुर्ची त्याच्यापासून लांबच. ज्यांच्या नावाचं हे जी. एस. कॉलेज, त्या शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की, शिकवणारे सगळे भारतीयच असले पाहिजेत, आणि तेही सरकारी नोकरीबाहेरचे. १९२६ साली कॉलेज आणि महापालिकेचं केईएम रुग्णालय शेजारी शेजारी सुरू झालं. जीवराज मेहता पहिले डीन. ही अट कागदावर घालणं सोपं होतं. ती निभवायची तर भारतीयांनी चालवलेलं कॉलेज कुठेही उणं पडता कामा नये, याची जबाबदारी डीनवर येत होती. एकीकडे महापालिका, दुसरीकडे विश्वस्त, वर इंग्रज सरकार, आणि दारात गिरणगावातले रुग्ण. सकाळी ओपीडीच्या खिडकीवर केसपेपरसाठी उभी असलेली रांग ज्यानं पाहिलीय, त्याला या कामाचं वजन कळेल. हे डॉक्टरचं काम की राजकारण्याचं? मला तरी दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

१९४२च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. पुढचा प्रवास भराभर झाला. स्वातंत्र्यानंतर केंद्रात आरोग्य सेवांचे महासंचालक, १९४८ मध्ये बडोद्याचे दिवाण, मग मुंबई राज्यात मंत्री आणि १ मे १९६० रोजी गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. आपण इथे महाराष्ट्र दिन साजरा करतो, त्याच दिवशी परळचा पहिला डीन शेजारच्या नव्या राज्याचा कारभार हाती घेत होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

काही वाया गेलंच असेल तर ते १९६३ मध्ये. पक्षांतर्गत कुरबुरींमुळे त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. राज्य नुकतं उभं राहत होतं आणि संस्था मुळापासून उभारायचा अनुभव असलेला माणूस बाजूला झाला. त्याची मला खरोखर हळहळ वाटते.

तिथून ते भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले, १९६६पर्यंत तिथेच होते. १९६५ मध्ये कच्छच्या रणात भारत-पाकिस्तान चकमकी झडल्या, आणि ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जूनला युद्धविरामाचा करार झाला. कच्छ ज्या राज्यात येतं त्याचा माजी मुख्यमंत्रीच तेव्हा लंडनमध्ये भारताची बाजू सांभाळत होता. पुढे १९७१ साली, वयाच्या ८४व्या वर्षी, ते अमरेलीतून लोकसभेवर निवडून आले.