मागचे रंगवायचे राहिले

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्रासमोर परवा दुपारी उभा होतो, तेव्हा शेजारच्या शाळकरी मुलीने आईला हळूच विचारले, "हे अर्धवट राहिलंय का गं?" आई काही बोलली नाही, मला मात्र इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेचा वर्ग आठवला. आमच्या सरांचा एकच धोशा असे, मागचे रंगवा. झाडामागे डोंगर, डोंगरामागे आकाश, आकाशात ढग आणि तरीही जागा उरलीच तर बगळे. कागद पांढरा दिसला की गुण गेलेच म्हणून समजायचे. शेवटच्या पाच मिनिटांत सगळा वर्ग मिळेल त्या निळ्या पाण्याने कागद भरत सुटे आणि बगळ्यांचे पाय आकाशात विरघळून जात.

तेव्हापासून कोणतेही चित्र मी आधी कोपऱ्यांतून पाहतो. गायतोंडे यांच्याकडे ही खोड निरुपयोगी ठरते, कारण तेथे पुढचे आणि मागचे अशी वाटणीच नसते. रोलरने आणि सुरीने रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा, असे करीत ते वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पुरी करीत, त्यामुळे दुरून मोकळ्या दिसणाऱ्या त्या पृष्ठभागावर जवळ गेल्यावर कितीतरी काढून टाकलेले दिसते. छापील पुस्तकात यातले काहीच उतरत नाही, नुसता पिवळा आयत उरतो, आणि त्या आयतावरून त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. १९७९ सालचे त्यांचे एक चित्र २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेल्यावर नावे ठेवणे थोडे कमी झाले, याचे मला अधिकच वाईट वाटते.

१९८४ च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास त्यांना पेलेना, म्हणून काही वर्षे त्यांनी कागदावर लहान चित्रे काढली. पुढे कॅनव्हासकडे परतले आणि अखेरच्या काळात चित्र काढणेच थांबवले. २००१ मध्ये ते गेले. त्या थांबण्याला संयम म्हणावे की थकवा, हे ठरवण्याचा अधिकार चित्र पाहणाऱ्याला असतो, असे मला वाटत नाही.