माझा अनुभव: शाळेतलं पुस्तकांचं कपाट उघडताना

आमच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट वर्षातून एकदा हमखास उघडायचं, १५ ऑक्टोबरला. डॉ. कलामांच्या जयंतीला २०१५ पासून राज्यभर वाचन प्रेरणा दिन असतो ना, तेव्हा. सतरंजीवर पुस्तकं मांडायची, मुलांच्या हातात एकेक द्यायचं, फोटो काढून केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर टाकायचा आणि खिचडीच्या आधी सगळी मोजून परत कपाटात. मोजून, हे महत्त्वाचं. एका वर्षी एक पुस्तक कमी भरलं तर पोरांना दप्तरं उघडून दाखवायला लावली होती. पुढच्या वर्षी निम्मी मुलं पुस्तकाला हात लावायलाच तयार नव्हती. आणि शिक्षण परिषदेत आम्हीच तावातावानं बोलतो, की हल्ली पोरांना वाचनाची आवड राहिली नाही, मोबाइलनं वाटोळं केलं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते, पहिली ते चौथी. हे लिहायचं कारण, ओळखीच्या शिक्षिका भेटल्या की विचारतात, "तुझी मुलं पुस्तकं घरी कशी नेतात गं? हेडसर कसे काय देतात?" मुलांना वाचायला कसं लावलं, हे कुणी विचारत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण त्यात फार काही नाही. मधल्या सुट्टीनंतर रोज दहा मिनिटं मी मोठ्यानं गोष्ट वाचते आणि ऐन मोक्यावर थांबते. पुस्तक टेबलावर तसंच उघडं असतं. पुढचं ज्याला हवंय तो वाचतो. घोडं अडलं होतं ते कपाटापाशी.

आमचे हेडसर माणूस चांगला. मी किल्ली मागितली तेव्हा म्हणाले, "मॅडम, पोरांनी वाचावं याला माझी ना नाही. पण ती पुस्तकं माझ्या चार्जमध्ये आहेत." शाळेबाहेरच्या माणसाला या वाक्यातली गोम कळायची नाही. मुख्याध्यापकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला, की पृथ्वीच्या गोलापासून खिचडीच्या पातेल्यापर्यंत प्रत्येक वस्तू साठा नोंदवहीप्रमाणे पुढच्याला मोजून द्यावी लागते. कमी भरलं की वसुली, नाहीतर ना-देय प्रमाणपत्र अडकतं. सरांच्या एका मित्राचे निवृत्तीचे कागद मोडक्या खुर्च्यांपायी अडकून पडले होते. त्यामुळे सरांची भीती खोटी नव्हती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्र हवं, मासिकं हवीत, गोष्टीची पुस्तकं हवीत. मी ते सरांना वाचून दाखवलं. सर म्हणाले, "आहेत की. कपाटात आहेत."

मग त्यांनीच तोड काढली. आधी खराब झालेली पुस्तकं निर्लेखित करून घ्या, म्हणजे साठ्यावरून कमी करून घ्या, ओझं हलकं झालं की उरलेली वाटा. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

कपाटात सगळ्यात खाली खडू-फळा योजनेतली पुस्तकं होती. शाळांना साहित्य पुरवायची ती केंद्र सरकारची योजना १९८७ ची. वाळवीनं त्यांची अशी चाळण केली होती, की पान उलटलं तर हातात भुगा यायचा. त्यावर वेगवेगळ्या काळात वरून आलेले संच. सगळ्यात वर दानशूरांनी वाढदिवसाला दिलेली पुस्तकं: स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शक, कीर्तनाची पोथी, बियाण्याच्या कंपनीची कोरी डायरी. ही डायरीसुद्धा साठ्यावर 'पुस्तक' म्हणून चढलेली!

मी खराब पुस्तकांची यादी केली, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला आणि तालुक्याला शिक्षण कार्यालयात नेऊन दिली. ती परत आली, कारण मूळ किंमतीचा रकाना कोरा होता. पुस्तकं सरकारकडून फुकट आलेली, किंमत कुठून आणू? 'मोफत पुरवठा' असं लिहून पुन्हा दिली. तर म्हणे मोफत वस्तूलाही मूल्य असतं, ते नमूद करा. जी शाबूत होती त्यांच्या मलपृष्ठावरची किंमत घेतली. कुठे ४ रुपये, कुठे साडेसहा. मलपृष्ठच वाळवीनं खाल्लंय त्यांचं काय करायचं, हे कुणालाच सांगता येईना.

मग खरी गंमत निघाली. यादी नोंदवहीशी ताडून बघताना तिथल्या बाबूंनी बोट ठेवलं. नोंदवहीत सरकारी पुस्तकांची नावंच नव्हती. कुण्या जुन्या गुरुजींनी सुंदर वळणदार अक्षरात एकच ओळ लिहून ठेवलेली: 'वाचनीय पुस्तके, १ संच.' म्हणजे कागदोपत्री आमच्याकडे पुस्तकं नव्हतीच, एक संच होता. आता संचातली वीस-बावीस पुस्तकं मेली आणि बाकीची जिवंत आहेत, तर काय निर्लेखित करणार? पाव संच? "एकतर अख्खा संच काढा, नाहीतर अख्खा ठेवा," बाबू म्हणाले. अख्खा काढला तर चांगली पुस्तकं बेवारस होतात. अख्खा ठेवला तर वाळवीचा भुगासुद्धा सरांच्या चार्जमध्ये.

मध्येच समितीची मुदत संपली, नवी समिती बसली, तर जुना ठराव चालेना. नवा घेतला. तोवर टेबलावरचा माणूस बदलला आणि नव्याला आमची फाइल सापडेना. झेरॉक्स माझ्याकडे होती म्हणून निभावलं. (कुठलाही कागद देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि सही-शिक्का घ्याच. माणूस कितीही ओळखीचा असू दे.) मग सांगितलं, की खराब वस्तू प्रत्यक्ष दाखवा. पोतं भरलं, स्कूटीवर पुढे ठेवलं, उन्हाचं तालुक्याला नेलं. दारातच अडवलं, "मॅडम, हे आत नका आणू, आमच्या फायलींना वाळवी लागेल." मी ते पोतं तिथेच पायरीवर ठेवून घरी यायच्या बेतात होते. पण तेही साठ्यावरचं. नेलं तसं परत आणलं.

या सगळ्या काळात मुलं काय वाचत होती? साठ्यावर नसलेली पुस्तकं. ही युक्ती कपाट उघडलेलं असलं तरी उपयोगी आहे, म्हणून आधी सांगते. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे, मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि छापून घ्यायला परवानगी आहे. छोट्या गोष्टी निवडल्या, काळ्या-पांढऱ्या छापल्या, मधोमध दुमडून पिना मारल्या. चित्रं मुलांनी रंगवली. घरी न्या, फाडा, हरवा, कुणाच्या बापाचा चार्ज नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. तिसरी-चौथीला त्यातली कोडी आणि विनोद फार आवडतात. विनोदाच्या पानावर अडखळत वाचणारा मुलगाही शेवटपर्यंत जातो, कारण हसायची वेळ कधी आली ते त्याला कळायला हवं असतं.

कपाटाचा तिढा सुटला तो वार्षिक तपासणीत. शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी आले होते, निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी ती '१ संच'वाली ओळ वाचली आणि मोठ्यानं हसले. म्हणाले, "बाई, निर्लेखनाचा नाद सोडा. मेलेली पुस्तकं गोणीत भरा, वर 'निकामी' अशी चिठ्ठी लावा आणि ठेवा कोपऱ्यात. साठ्यावर राहिली तर काय भाकरी मागतात का?" मग सरांकडे वळले. चांगल्या पुस्तकांसाठी वेगळी दाखल नोंदवही घाला, प्रत्येक पुस्तकाला नंबर द्या, साठ्यावरच्या ओळीसमोर 'संच फोडून दाखल नोंदवहीत घेतला' असा शेरा मारा आणि समितीचा ठराव जोडा. ठरावात काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं. मजकूर देते, कारण सगळी मेख यात आहे: 'पुस्तके विद्यार्थ्यांच्या वापरासाठी असून ती घरी देण्यात यावीत. वापरात फाटलेली अथवा गहाळ झालेली पुस्तके दरवर्षी एप्रिलमध्ये समितीसमोर ठेवून दाखल नोंदवहीतून कमी करण्यात यावीत.' खाली अध्यक्ष, सदस्य, सगळ्यांच्या सह्या. विस्तार अधिकाऱ्यांनी तपासणीच्या शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या आणि सरांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. किल्ली त्यांनी त्याच दिवशी दिली. मला आनंद झालाच, पण पोतं वाहून नेल्याचा राग अजून गेलेला नाही. हे वाक्य पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर?

म्हणून माझं ऐकाल तर पुस्तकं कुठली आणायची हा विचार नंतर, ठराव आधी.

तर आता पुस्तकं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी ५,००० रुपये धरलेले असतात, पण आमच्या हाती दरवर्षी पडतातच असं नाही. पडले की लगेच बांधलेला संच घेऊन विक्रेता दारात. त्यात थोरामोठ्यांची चरित्रं, बोधकथा आणि 'सामान्यज्ञान'. अक्षर मुंगीएवढं, चित्र फक्त मुखपृष्ठावर. चरित्राचं पहिलं वाक्य जन्मतारीख आणि गाव, दुसऱ्या वाक्यात 'व्यक्तिमत्त्व', तिसऱ्यात 'स्वातंत्र्य'. दुसरीचं पोर तिथेच गारद. मराठीत पोराला अडवतं ते जोडाक्षर आणि रफार, शब्द किती लांब ते नव्हे. 'चिमणी चिवचिवत होती' त्याला जमतं, 'अत्यंत' जमत नाही. मी दुकानात कुठलंही पान उघडते आणि जोडाक्षरं मोजते. पाचाच्या वर गेली तर ते पुस्तक मी वाचून दाखवायचं, पोरानं एकट्यानं वाचायचं नाही. प्रथमच्या पुस्तकांवर वाचनस्तराचा आकडा असतो, तो बघून निवडणं सोपं जातं. ज्योत्स्ना प्रकाशनाची आणि नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची चित्रांची पुस्तकं आमच्याकडे सगळ्यात आधी फाटतात. फाटणं ही माझ्या मते पुस्तकाची सगळ्यात खरी परीक्षा. एप्रिलमध्ये समितीसमोर ठेवलेल्या यादीत एकही चरित्र नव्हतं.

चार वेगवेगळी पुस्तकं घेण्याऐवजी एकाच चांगल्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. दोघं शेजारी बसून एकच गोष्ट वाचतात, भांडतात, पुढे पळतात. आणि वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका. मी विचारायचं बंद केल्यापासून पुस्तकं लवकर बदलायला येतात.

चौथीतली काही मुलं अजून पहिलीचं वाचू शकत नाहीत. ती पातळ पुस्तकाला हात लावत नाहीत, लाज वाटते. सगळ्यात जाड पुस्तक काखेत मारून हिंडतात. हिंडू द्यावं. मी एक खोकं वेगळं ठेवलं आणि वर लिहिलं: लहान भावंडांना वाचून दाखवण्यासाठी. आता तीच मुलं त्यातली पुस्तकं राजरोस घरी नेतात. ज्याला भावंडच नाही असाही एकजण नेतो. मी कशाला बोलू?

पुस्तकं कपाटात उभी लावू नका. भिंतीला सुतळी बांधून चिमट्यांनी अडकवा, मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे. घरी नेलेल्याची नोंद चौथीची मुलंच करतात, माझ्यापेक्षा कडक आहेत.

दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. काही लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. त्यांच्याकडची पुस्तकंही जातात, थेट पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांपर्यंत. सरांना आधी याचीच धास्ती होती. मी तर आता टोळी निघायच्या आधी त्या मुलांना मुद्दाम दोन-दोन जास्तीची देते. मार्च-एप्रिलला काही परत येतात, पाचटात मळलेली, काही येत नाहीत. ठरावातलं ते एप्रिलचं वाक्य इथे कामाला येतं.

गेल्या जूनमध्ये सरांची बदली झाली. नव्या सरांनी चार्ज घेताना पुस्तकांपाशी बोट थांबवलं, ठराव वाचला, शेरेबुक वाचलं आणि सही केली. गोणी मात्र उघडून बघायची म्हणाले. उघडली, शिंका आल्या, परत बांधली.

एक राहिलंच. शाळेचा शिक्का पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या बाजूला मारा, चित्रावर नको. आमच्याकडच्या एका वाघाच्या तोंडावर गोल शिक्का आहे आणि पहिलीची मुलं अजून विचारतात, की वाघ काय खातोय.