लेटरबॉक्सवर माझं नाव

लग्नानंतर आठ महिने मी सांगलीत आणि नवरा जर्मनीत स्टुटगार्टला, असंच चाललं होतं. नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणारं परमिट) आहे त्यामुळे मला व्हिसासाठी जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा कंपल्सरी नव्हती, तरी मी पुण्यात मावशीकडे राहून मॅक्स म्युलर भवनला क्लास लावला आणि परीक्षा दिली, कारण मला तिकडे जाऊन प्रत्येक वेळी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. आईला ते पटलं नव्हतं, "अगं लागत नाही तर कशाला एवढा खर्च", पण मला अजूनही वाटतं की तोच सगळ्यात योग्य खर्च होता.

इथे आल्यावर 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, घरमालकाची सही असलेला एक फॉर्म न्यावा लागतो. ते पटकन झालं. मग काही आठवड्यांत 11 आकडी टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो, तो आयुष्यभर तोच राहतो. मला एका छोट्या ऑफिसात अर्धवेळ नोकरी मिळाली होती आणि त्यांना तो नंबर हवा होता, नाहीतर पगारातून सगळ्यात जास्त दराने टॅक्स कापतात. पत्र काही येईना. महिना गेला, दीड महिना गेला, मी रोज खाली जाऊन लेटरबॉक्स उघडायचे आणि नवऱ्याची पत्रं घेऊन वर यायचे.

शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, बॉक्सवर तुझं नाव आहे का? नव्हतं. मी माहेरचं आडनाव ठेवलंय आणि बॉक्सवर, खालच्या बेलवर सगळीकडे फक्त नवऱ्याचं. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुतेक नसतोच, रस्ता, बिल्डिंगचा नंबर आणि नाव, बस. पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो आणि नाव सापडलं नाही तर पत्र परत जातं. माझं परत गेलं होतं.

त्या दिवशी मी खूप रडले. पत्र परत मागवता येतं, त्याचं एवढं नव्हतं. सांगलीत आमच्या दारावर फक्त बाबांच्या नावाची पाटी आहे पण पोस्टमनकाका मला लहानपणापासून ओळखतात, पाकिटावर पत्ता अर्धवट असला तरी रिझल्ट, राखी, कॉलेजचं पत्र सगळं माझ्या हातात आणून द्यायचे. आणि इथे मी दीड महिना राहतेय, स्वयंपाक करतेय, पायऱ्या पुसतेय, आणि पोस्टाच्या हिशेबी या घरात मी नाहीच.

(पायऱ्यांचं सांगायचं राहिलं. इथे केरवोखे म्हणून पद्धत आहे, ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकवतात, त्या आठवड्यात जिना आणि समोरची जागा त्याने झाडायची. मला ही पद्धत मनापासून आवडते, आजींशी ओळख त्यातूनच झाली.)

नवऱ्याला ऑफिसमधून आल्यावर सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही गं, मी तीन वर्षं एकटा होतो", आणि जेवायच्या आधी खाली जाऊन कागदावर माझं पूर्ण नाव लिहून चिकटवून आला. त्याचं नाव होतं त्याच्या वर लावलं. नंतर घरमालकांनी दोन्ही आडनावांची नीट पट्टी करून दिली, बेलवर पण.

तर कोणी नवऱ्याकडे किंवा बायकोकडे इकडे राहायला येत असाल तर बॅगा उघडायच्या आधी बॉक्सवर नाव लावा. लोक आपल्याला डिपेंडंट म्हणतात ते पण मनावर घेऊ नका, माझ्या रेसिडेन्स कार्डवर नोकरी करायची परवानगी स्पष्ट छापलेली आहे.

टॅक्स नंबरसाठी परत अर्ज केला आणि पत्र एका शनिवारी आलं. मी क्वार्क (इथलं दह्यासारखं मऊ चीज) फेटून श्रीखंड केलं (चक्क्याच्या अगदी जवळ जातं, फक्त फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा) आणि एक वाटी आजींना देऊन आले. आईला व्हिडिओ कॉलवर लेटरबॉक्स दाखवला. ती चष्मा शोधायला गेली, परत येऊन नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "थांब, बाबांना बोलावते."